रुसलेला अँटेना आणि चार वॅटचा संसार

एक सेंटिमीटर म्हणजे किती? बोटाचं एक पेरसुद्धा नाही. पण छपरावर उभ्या केलेल्या सीबी रेडिओच्या अँटेनाला हाच प्रश्न विचारला, तर तो म्हणेल, ‘दहा चॅनेल!’ पाव लहरीच्या (म्हणजे रेडिओलहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढ्या) अँटेनाची उंची एका सेंटिमीटरने वाढवली की त्याचा सूर साधारण १०० किलोहर्ट्झ खाली येतो, आणि सीबीचे चॅनेल आहेत बहुतेक दहा-दहा किलोहर्ट्झच्या अंतराने. अमेरिकेतले चाळीसच्या चाळीस चॅनेल उंचीच्या हिशेबात मांडले, तर सगळा कारभार चार-साडेचार सेंटिमीटरमध्ये आटोपतो. म्हणून ‘सगळं नीट लावलंय, तरी अँटेना ट्यून होत नाही’ अशी तक्रार ऐकली की मला अजिबात नवल वाटत नाही. नवल याचं वाटतं की खोट बहुतेक वेळा अँटेनात नसतेच, आणि बिचाऱ्याची छाटणी मात्र चालू असते.

हा सीबी कोण?

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, सामान्य माणसाचा रेडिओ. अमेरिकेत १९५८ साली २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा या कामाला दिला गेला. तोवर तिथे हौशी रेडिओवाले नांदत होते, त्यांना उठवून ही नवी वस्ती बसवली. सुरुवातीला चॅनेल २३ होते. १ जानेवारी १९७७ पासून ४० झाले. ताकद किती, तर साध्या एएम बोलण्याला ४ वॅट. घरातला रात्रीचा दिवासुद्धा कधी कधी याहून जास्त वीज खातो.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत महामार्गांवर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. डिझेल कुठे मिळतंय आणि पोलीस कुठे दबा धरून बसलेत, हे ट्रकवाले एकमेकांना सीबीवरून सांगू लागले. मग ते वेड घराघरांत शिरलं. प्रत्येकाचं एक टोपणनाव, त्याला ‘हँडल’ म्हणायचं. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचं हँडल होतं ‘फर्स्ट मामा’. पोलिसांना सगळे ‘स्मोकी’ म्हणत, कारण महामार्ग पोलिसांची टोपी वणव्यापासून सावध करणाऱ्या स्मोकी नावाच्या अस्वलाच्या टोपीसारखी होती. परवान्याची सक्ती १९८३ मध्ये उठली. २०२१ मध्ये तिथे एफएमलाही परवानगी मिळाली, म्हणजे हा म्हातारा अजून नवे कपडे शिवतोच आहे.

तेविसाच्या आधी पंचवीस

आता थोडी चॅनेलांची मजा. चॅनेल २२ आहे २७.२२५ मेगाहर्ट्झवर. त्याच्या पुढचा शेजारी २३ असेल असं वाटतं ना? नाही. पुढे आहे २४, मग २५, आणि त्यानंतर २७.२५५ वर २३! जुन्या यादीत २३ आधीच पलीकडे जाऊन बसला होता. १९७७ मध्ये नवे आले, त्यांनी मधल्या रिकाम्या जागा पकडल्या. मीटर हातात घेऊन एकामागून एक चॅनेल तपासणाऱ्याला इथे आकडा मागेपुढे उडी मारताना दिसतो, आणि तो उगाच घाबरतो.

शिवाय मध्ये मध्ये पाच खाचा मोकळ्या सोडल्या आहेत. त्या आहेत रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी. लहानपणी लांब अँटेनाच्या रिमोटची गाडी खेळला असाल आणि तिच्या खोक्यावर ‘२७ मेगाहर्ट्झ’ असं छापलेलं असेल, तर ती याच मोहल्ल्यातली. त्यांतल्याच एका खाचेत, २७.०९५ वर, युरोपातल्या आगगाड्या रुळांमध्ये बसवलेल्या पेट्यांना वरून जाता जाता वीज पुरवतात. आणि चॅनेल १३ व १४ च्या बरोबर मधोमध, २७.१२ मेगाहर्ट्झवर, प्लास्टिकचे तुकडे जोडणारी कारखान्यातली यंत्रं घरघरत असतात. रेडिओत अचानक जाडजूड गुरगुर सुरू झाली, तर अँटेनाला बोल लावण्याआधी जवळपास ताडपत्री किंवा रेनकोट शिवणारा कारखाना आहे का, ते बघावं.

सगळ्यात गमतीचा चॅनेल १९. ट्रकवाल्यांचा लाडका. त्याची फ्रिक्वेन्सी २७.१८५, आणि पहिल्या व चाळिसाव्या चॅनेलची सरासरी काढली तर उत्तर येतं तंतोतंत २७.१८५. म्हणजे एकोणिसावर अँटेना जुळवला की दोन्ही बाजूंना सारखाच पल्ला मिळतो. जुन्या २३ चॅनेलच्या काळात बसवलेला अँटेना ४० चॅनेलसाठी वापरायचा झाला, तर मध्यबिंदू ७५ किलोहर्ट्झने वर सरकतो. पाव लहरीच्या उंचीतून पाऊण सेंटिमीटर कमी केलं की भागतं.

मीटरचा आकडा नेमका सांगतो काय?

रेडिओ ५० ओहमचा, केबल ५० ओहमची. वरच्या अँटेनानेही ५० ओहमचाच भार दाखवला, तर सगळी ताकद निमूट वर जाते. नाही दाखवला, तर काही भाग उलट्या पावली परततो. जाणारी आणि परतणारी लहर एकमेकींत मिसळून केबलवर ठिकठिकाणी फुगवटे आणि खळगे तयार होतात. फुगवटा आणि खळगा यांचं गुणोत्तर म्हणजे एसडब्ल्यूआर. १ आला तर सुख, अनंत आला तर वर काही जोडलेलंच नाही.

आता आकडे बघा. १.५ ला परत येते फक्त ४ टक्के ताकद. २ ला ११ टक्के. ३ ला २५ टक्के, म्हणजे चार वॅटमधला एक वॅट. ऐकणाऱ्याच्या मीटरवर काटा एक खूण हलायला ताकद चौपट व्हावी लागते किंवा पावपट. त्यामुळे तीनच्या एसडब्ल्यूआरवर बोलणारा आणि एकच्या एसडब्ल्यूआरवर बोलणारा यांच्या आवाजातला फरक समोरच्याला ओळखता येणार नाही! भीती असते ती आपल्याच रेडिओच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरची; परतलेल्या ताकदीचा ताण त्याच्या माथी. म्हणून तीनच्या वर बोलू नये, दोनच्या आत आणावं, आणि दीड आला की पाना खाली ठेवून गप्पा सुरू कराव्यात. दीडवरून १.१ वर आणण्यासाठी रविवार घालवणारे लोक मला माहीत आहेत. त्यांच्या चिकाटीला नमस्कार, पण त्यातून रेडिओला काही मिळत नाही.

५० हाच आकडा का, हाही एक मजेदार तडजोडीचा भाग. आत हवा असलेल्या केबलमध्ये सगळ्यात कमी गळती ७७ ओहमच्या आसपास होते, आणि सगळ्यात जास्त ताकद पेलते ३० ओहमची. दोघांना दुखवायचं नाही म्हणून मधला ५० घेतला. टीव्हीवाल्यांना फक्त गळतीची काळजी, म्हणून आपल्या डिश टीव्हीची केबल ७५ ओहमची. ‘घरात पडलीच आहे’ म्हणून ती सीबीला जोडली, तर आगबिग लागत नाही. पण केबलच्या लांबीनुसार मीटर १ पासून २.२५ पर्यंत काहीही दाखवू शकतो. अँटेना कितीही खाली-वर केला तरी गणित बसत नाही, आणि माणूस डोकं खाजवत बसतो.

आधी पंचाचीच झडती

साध्या दोन तोंडांच्या मीटरवर एक बटण असतं, काटा आधी शेवटच्या खुणेवर आणण्यासाठी. प्रत्येक चॅनेलला ते नव्याने जुळवावं लागतं. ते न करता वाचलेला आकडा म्हणजे नुसती अफवा. मीटरची दोन तोंडं असतात, एक रेडिओकडे आणि एक अँटेनाकडे. ती उलटी जोडली की परतणारं जाणारं होतं आणि मीटर भलताच आकडा सांगतो. रेडिओ आणि मीटर यांच्यामधली फूटभर जोडकेबलसुद्धा सोडू नका. सगळ्यात जास्त वेळा वाकते तीच, आणि सगळ्यात कमी वेळा तपासली जाते तीच.

अँटेनाकडे जाणारी केबल मीटरवरून काढून त्या जागी ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा नुसता रोध) लावला, तर मीटरने १ च्या जवळपास दाखवलं पाहिजे. दाखवत नसेल तर शिडी काढायची गरज नाही, भानगड खालीच आहे.

एक आणि चाळीस

ही युक्ती सीबीवाल्यांच्या अंगवळणी पडलेली. चॅनेल १ वर मोजा, मग ४० वर मोजा. चाळिसावर आकडा जास्त असेल तर अँटेना लांब, कमी करा. एकावर जास्त असेल तर आखूड, वाढवा. दोन्हीकडे सारखा आणि दीडच्या आत? जिंकलात.

पण दोन्हीकडे तीनच्या वर असेल, तर करवत हातात घेऊ नका. लांबीच्या चुकीने इतका बोजवारा उडत नाही. मघाशी म्हटलं ना, सगळे चॅनेल चार-साडेचार सेंटिमीटरमध्ये मावतात. एवढ्या अंतरात सूर कुठे सापडतच नसेल, तर कुठेतरी शॉर्ट आहे, तुटलंय, किंवा खालची ‘जमीन’च नाही (ती कोणती, ते पुढे येईल). छाटलेली नळी परत वाढत नाही हे सांगायला नकोच.

इथे एक इंग्लंडचा किस्सा. तिथे सीबी कायदेशीर झालं २ नोव्हेंबर १९८१ ला, आणि त्यांनी चॅनेल घेतले वरचे, २७.६०१२५ पासून २७.९९१२५ पर्यंत, एफएमवर. सुरुवातीला अँटेनाला परवानगी होती फक्त दीड मीटरची! पाव लहरीला पावणेतीन मीटर लागतात; मग उरलेली उंची बुडाशी कॉइल गुंडाळून भरून काढायची. अँटेना जितका आखूड, तितका त्याचा सूर अरुंद. एका चॅनेलवर छान, दहा चॅनेल पुढे गेलं की रडगाणं. आणि पुढे ज्यांना युरोपचे आणि इंग्लंडचे दोन्ही चॅनेल एकाच अँटेनावर हवे झाले, त्यांच्यापुढे एक मेगाहर्ट्झहून रुंद पट्टा आला. एका टोकाला जुळवलं की दुसरं टोक बोंबलतं. यात बिघाड काहीच नाही, हाव आहे.

केबल: घरचा भेदी

माझ्या मते ट्यून न होणाऱ्या अँटेनाचा पहिला संशयित केबलच्या टोकाचा कनेक्टर. पीएल-२५९ हे त्याचं नाव, १९३० च्या दशकातला गडी. याला ‘यूएचएफ कनेक्टर’ म्हणतात, आणि खऱ्या यूएचएफवर तो काही चांगला नाही. त्या काळी ३० मेगाहर्ट्झच्या वरचं सगळंच ‘अति उच्च’ वाटायचं, त्यातून हे नाव पडलं. २७ वर मात्र उत्तम चालतो, नीट जोडला असेल तर.

नीट म्हणजे काय, ते एखादा वाया गेलेला कनेक्टर कापून बघा. मधल्या जाड तारेभोवती पांढरं प्लास्टिक, त्यावर तांब्याची विणलेली जाळी. सोलताना त्या जाळीची एखादी केसाएवढी तार सुटते आणि आतल्या बाजूने मधल्या तारेला टेकते. झाला शॉर्ट. बाहेरून काही दिसत नाही. किंवा सोल्डर नुसतं वर वितळून गोळा झालेलं असतं, जाळीला धरलेलंच नसतं. वारा आला की जोड उघडझाप करतो आणि मीटरचा काटा त्याच्याबरोबर डुलतो. किंवा सोल्डरिंग आयर्न फार वेळ धरलं आणि पांढरं प्लास्टिकच मऊ होऊन मधली तार एका बाजूला सरकली.

मल्टिमीटरने तपासायचं तर केबल दोन्ही टोकांनी सुटी करा. मधली तार आणि जाळी यांच्यात काहीही संबंध दिसता कामा नये. टोकापासून टोकापर्यंत मात्र मधली तार मधल्या तारेशी, जाळी जाळीशी बोलली पाहिजे. सुटी करा असं मुद्दाम सांगतो, कारण कित्येक बेस (म्हणजे घरावर कायम बसवलेल्या) अँटेनांच्या बुडाशी असलेली कॉइल मधल्या भागाला थेट जमिनीशी जोडते. मल्टिमीटर लावला की ठणठणीत शॉर्ट दाखवतो, आणि अँटेना असतो एकदम निरोगी! मल्टिमीटरला एकदिश प्रवाह कळतो. २७ मेगाहर्ट्झला तीच कॉइल भिंतीसारखी अडवते, हे त्याच्या गावीही नसतं. चांगले अँटेना या एका गैरसमजापायी भंगारात गेलेत.

पाणी शिरलं की सगळं बिघडलं

केबलमधल्या पॉलिथिनचा विद्युत स्थिरांक २.२५ च्या आसपास. पाण्याचा ८०. आता वरच्या कनेक्टरमधून चार थेंब आत गेले तर काय होईल, ते तुम्हीच बघा. विणलेली जाळी ते पाणी वातीसारखं ओढून घेते आणि ते दूरवर खाली उतरतं. वर्षभराने केबल कापली तर तांब्याचा लाल रंग गेलेला, हिरवी-काळी पूड निघते. कोरड्या दिवसांत आकडा चांगला आणि पावसात चढतो, असं दिसलं की वरचा जोड उघडून बघावा, आणि नवा बसवून त्यावर रबरी टेपचे वेढे खालून वर घालावेत, म्हणजे छपराच्या कौलांप्रमाणे वरचा थर खालच्यावर येतो आणि पाणी ओघळून जातं.

पण खरी धमाल पुढे आहे. केबल जितकी वाईट, तितका मीटरचा आकडा चांगला! परतणारी ताकद खाली येता येता केबलच गिळते, त्यामुळे मीटरपर्यंत पोचतच नाही. बारीक आरजी-५८ केबल ३० मीटर टाकली, तर २७ मेगाहर्ट्झवर तिच्यात साधारण २ डेसिबल गळतात. वर अँटेनापाशी ३ असलेला एसडब्ल्यूआर खाली रेडिओपाशी १.९ दिसतो. मालक खूश. केबल आणखी कुजली की आकडा आणखी सुधारतो, मालक आणखी खूश, आणि आवाज मात्र गल्लीच्या टोकापर्यंत जात नाही. डमी लोडचा एसडब्ल्यूआर अगदी १ असतो आणि तो काहीही प्रसारित करत नाही. यावरून काय ते समजा.

केबलची परीक्षा घ्यायची एक झकास पद्धत आहे. वरचं टोक उघडं सोडा आणि खालून अँटेना ॲनालायझर किंवा हल्ली स्वस्तात मिळणारा नॅनोव्हीएनए लावा. रेडिओने हे करू नका. उघड्या टोकावरून सगळी ताकद परतायला हवी, म्हणजे आकडा प्रचंड यायला हवा. तो जर नुसता ३ आला, तर तुमची केबल एकेरी वाटेतच अर्धी ताकद खातेय. या परीक्षेत मोठा आकडा म्हणजे पास. सीबीच्या जगात मोठ्या एसडब्ल्यूआरचा आनंद मानायची ही एकमेव जागा.

अठरा फुटांचा गंडादोरा

‘केबल अठरा फूटच पाहिजे’ हे सीबीवाल्यांचं जुनं ब्रह्मवाक्य. आधार? २७ मेगाहर्ट्झची लहर ११ मीटर, तिची अर्धी साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट. पण हा हिशेब मोकळ्या हवेचा झाला. घट्ट पॉलिथिनच्या केबलमध्ये लहर प्रकाशाच्या ६६ टक्के वेगानेच धावते, त्यामुळे तिथली अर्धी लहर भरते सुमारे ३.६ मीटर, बारा फूट. म्हणजे मंत्र म्हणायचाच होता, तर निदान आकडा बरोबर धरायचा.

तरी काही जणांना केबलची लांबी बदलल्यावर आकडा बदललेला दिसतो, आणि त्यांचा विश्वास पक्का होतो. तो बदल वेगळंच सांगत असतो. केबलच्या जाळीच्या बाहेरच्या अंगावरून प्रवाह वाहतोय, म्हणजे केबलही अँटेनाचाच भाग झालीय. केबल हातात धरा, थोडी हलवा. काटा हलला तर चोर सापडला. उपाय स्वस्त आहे. अँटेनाच्या बुडाशी केबलचेच पाच-सहा वेढे, सुमारे २० सेंटिमीटर व्यासाचे, शेजारी शेजारी बांधा. बाहेरच्या प्रवाहाला ती वाट अवघड होते, आतला आपला सरळ जातो.

जमिनीवर गुणी, खांबावर उनाड

अंगणात दोन विटांवर टेकवून अँटेना जुळवला, १.२ आला, टाळ्या. खांबावर चढवला आणि २.५. यात फसवणूक नाही. जमीन, पत्र्याचं छप्पर, पन्हळ, शेजारचा टीव्हीचा खांब, ताण द्यायला बांधलेल्या तारा, हे सगळे अर्ध्या लहरीच्या आत असले की अँटेनाशी साटंलोटं करतात. साडेपाच मीटरचं मोकळं वर्तुळ मिळालं तर उत्तम. ताणाच्या तारा धातूच्या असतील तर मध्ये मध्ये इन्सुलेटर घालून तोडाव्या, किंवा सरळ नायलॉनची दोरी वापरावी.

पाव लहरीच्या अँटेनाला खाली आडव्या दांड्या लागतात, त्याच त्याची जमीन. चार दांड्या अगदी आडव्या ठेवल्या तर भार दिसतो ३६ ओहमच्या आसपास. त्याच ४५ अंशांत खाली झुकवल्या की ५० च्या जवळ येतो. एकही पैसा खर्च नाही, दांड्या वाकवायच्या. अर्ध्या लहरीच्या अँटेनाला दांड्यांशिवाय चालतं, पण त्याची अडचण निराळी. बुडाशी त्याचा भार हजारो ओहममध्ये असतो. त्याला ५० वर आणायला पोटात एक जुळवणारी कॉइल दडवलेली असते. अँट्रॉन ९९ या गाजलेल्या फायबरग्लासच्या अँटेनावर खाली दोन कड्या असतात, फिरवून सूर लावायला. कड्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवल्या तरी आकडा ढिम्म हलत नसेल, तर पोटातलं जळलंय असं समजावं.

ते जळतं कशाने, हे कुणी कबूल करत नाही. चार वॅटच्या रेडिओमागे शेकडो वॅटचा ॲम्प्लिफायर लावणं हा अमेरिकेतला जुना चोरटा शौक. १९७८ मध्ये तिथल्या नियामकांनी २४ ते ३५ मेगाहर्ट्झच्या ॲम्प्लिफायरच्या विक्रीवर बंदीच घातली. शौक काही सुटला नाही.

ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना असेल तर सांधे बघा. ॲल्युमिनियम उघड्या हवेत आला की क्षणात त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो, आणि तो वीज वाहत नाही. सांधा घासून, विद्युतवाहक ग्रीस लावून आवळला तर वर्षानुवर्षं टिकतो. गंजका सांधा नुसता सूर बिघडवून थांबत नाही. तो डायोडसारखा वागायला लागतो आणि २७ ची ५४ मेगाहर्ट्झ करून बाहेर फेकतो. अमेरिकेत टीव्हीचा चॅनेल २ सुरू व्हायचा बरोबर ५४ मेगाहर्ट्झपासून! सत्तरच्या दशकात ऐन मालिकेच्या वेळी पडद्यावर रेघा आणि शेजारच्या काकांचा आवाज, असा योग घरोघरी आला.

आपल्याकडे काय?

भारतातही सीबी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झचा पट्टा, ५ वॅटच्या मर्यादेत, परवान्याविना खुला केला. अमेरिकेच्या यादीशी ताडून बघितलं तर यात पहिले २७ चॅनेल बसतात. २८ पासून पुढचे बाहेर. म्हणजे अमेरिकेतल्या भावाने पाठवलेला ४० चॅनेलचा रेडिओ इथे पूर्ण वापरता येणार नाही. आणि छपरावर खांब उभारण्यापूर्वी उपकरण व अँटेनाबद्दलच्या अटी मूळ नियमात वाचून घ्या. अमेरिकेतही अँटेना मनाला येईल तेवढा उंच नेता येत नाही; टोक जमिनीपासून ६० फूट किंवा ज्या इमारतीवर बसवलाय तिच्यापेक्षा २० फूट, ही तिथली मर्यादा.

आणि वर बघा

या विषयात एकच गोष्ट गमतीची नाही. सत्तरच्या दशकात अमेरिकेत बेस अँटेना चढवताना किंवा उतरवताना तो वीजतारेला लागून माणसं दगावली. सहा-सात मीटरची धातूची काठी वाऱ्यात एकट्याच्या हातात राहत नाही. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने आधी या अँटेनांवर इशाऱ्याचं लेबल सक्तीचं केलं, आणि नंतर ऐंशीच्या दशकात असा नियम आणला की उभा बेस अँटेना १४,५०० व्होल्टच्या तारेला टेकला तरी धरणाऱ्याला धक्का बसू नये इतकं त्याचं आवरण पक्कं हवं. जुन्या बाजारातून घेतलेल्या किंवा घरी नळ्या जोडून केलेल्या अँटेनाला असलं कवच नसतं. ट्यूनिंगसाठी तो पुन्हा पुन्हा खाली-वर होणार, म्हणजे धोकाही पुन्हा पुन्हा. तेव्हा एकट्याने चढवू नका, वारा असताना चढवू नका, आणि खांब व अँटेना मिळून जेवढी उंची होते तिच्या दीडपट अंतराच्या आत वीजतार असेल, तर जागा बदला.